बारकरी

पौष वद्य एकादशीला निवृत्तीनाथांच्या यात्रेसाठी नाशिक-त्र्यंबक रस्त्याच्या कडेकडेने चालत जातो तो वारकरी. एरवीच्या रविवारी, दूधवाल्यांच्या वेळेला, त्याच रस्त्याने जमिनीला पोट टेकेल अशा बेताने बुटकी केलेली गाडी घेऊन जातो तो बारकरी. वारकऱ्याला त्र्यंबकेश्वरला पोचायचं असतं. बारकऱ्याला गावाच्या पलीकडे, जव्हार-मोखाड्याकडे जाणाऱ्या घाटातली वळणं हवी असतात; देवदर्शन हे घरी सांगायचं कारण. वय तिशी-पस्तिशीचं, नोकरी बहुधा सातपूरला नाहीतर अंबडला, दिवसभर मायक्रोमीटरशी गाठ, आणि गाडीच्या पाटीवर एमएच-15. ही गाडी खरीखुरी स्पोर्ट्स कार असतेच असं नाही. ते पीक आपल्या मातीत फारसं आलंच नाही; 1998च्या सुमारास गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोघांपुरती गाडी निघाली होती, तिची आठवण आता जाणकारच काढतात. म्हणून पोलो जीटी किंवा अबार्थ पुंटो हाताला लागली की बारकरी तिच्यातच स्पोर्ट्स कारची प्राणप्रतिष्ठा करतो. त्यानंतर यथावकाश त्याच्या बोलण्यात 'स्वे बार' येतो. हा शब्द घरात पहिल्यांदा निघतो तेव्हा आईला त्यातला फक्त शेवटचा शब्द ऐकू येतो आणि पुढचे दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही.

वस्तू म्हणाल तर साधी. यू आकारात वाकवलेला पोलादी दांडा, डाव्या चाकाच्या सस्पेन्शनला उजव्याशी जोडणारा. गॅरेजमध्ये त्याला स्टॅबिलायझर म्हणतात. वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला झुकते, तिकडचं चाक वर दाबलं जातं, दांड्याला पीळ बसतो, आणि तो पीळ सोडवण्याच्या धडपडीत दांडा झुकणं आवरतो. कॅनडातल्या स्टीफन कोलमन यांनी 1919 साली याचं पेटंट घेतलं, म्हणजे कल्पना शंभरी ओलांडलेली आहे. आजच्या बहुतेक गाड्यांखाली कंपनीने दिलेला असा दांडा पुढच्या बाजूला असतोच. बारकऱ्याच्या मते तो दांडा नसून काडी असते. त्याला बाहेरून आणलेला, जाड, शक्यतो लाल रंगाचा हवा असतो.

आता मुद्दा. बारकऱ्याला बार हवा असतो, अशी सर्वांची समजूत आहे. त्याच्या वागण्याचा पुरावा पाहिला तर ती टिकत नाही. त्याला बार निवडायचा असतो, आणि निवडत राहायचं असतं. या छंदाला स्वे बारइतकी सोयीची दुसरी वस्तू नाही, कारण इथला प्रत्येक निर्णय पोटात आणखी दोन निर्णय घेऊन येतो. दांड्याचा कडकपणा त्याच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. 20 मिलिमीटरच्या जागी 22चा घेतला तर दिसायला फरक दोन मिलिमीटरचा, पण कडकपणा जवळजवळ 46 टक्क्यांनी वाढतो. 24चा घेतला तर दुपटीच्या वर जातो. मग प्रश्न येतो भरीव की पोकळ. चार मिलिमीटर जाडीची, 24चीच पोकळ नळी घेतली तर भरीव दांड्याच्या 80 टक्के कडकपणा 56 टक्के वजनात मिळतो. हे गणित सुटतं तोवर टोकाशी दोन भोकं असावीत की तीन, दांडा धरून ठेवणारे बुश रबराचे की पॉलीयुरेथेनचे, असे प्रश्न रांग लावून उभे असतात. त्यातही पोलो-पुंटोसारख्या गाड्यांचा मागचा आडवा बीम स्वतःच पिळून बारचं काम करत असतो. तिथे दुसरा बार जोडावा का, या एका प्रश्नावर बारकऱ्याचा अख्खा पावसाळा निघतो. ज्याला वस्तू हवी असते तो दुकानदाराला भाव विचारतो. बारकरी मिलिमीटर विचारतो आणि उत्तर वहीत लिहून घरी येतो.

यावर कुणी म्हणेल, हा सगळा मिरवण्याचा प्रकार आहे. हा आरोप अन्यायाचा आहे. मिरवणारा माणूस सायलेन्सर बदलतो, मागे पंख बसवतो, काचेवर आडनाव रंगवतो. स्वे बार गाडीच्या पोटाखाली असतो. तो पाहायला गाडी रॅम्पवर चढवावी लागते किंवा पाहुण्याला जमिनीवर आडवं व्हावं लागतं. पाठीला माती लागेल अशा जागी कुणी दागिना घालत नाही. उलट तो दिसत नाही म्हणूनच सांगावा लागतो, आणि हे सांगणं बारकऱ्याच्या जीवाला फार गोड लागतं. मंगळसूत्र दाखवून होतं, बार समजावूनच द्यावा लागतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: पण ती वस्तू काम तर करते ना? करते. वळणावर गाडी कमी झुकते, स्टिअरिंगला लगेच प्रतिसाद देते, हे मान्यच करायला हवं. पण कुठे, हेही पाहायला हवं. नाशिक ते त्र्यंबक हा तीस किलोमीटरच्या आतबाहेरचा, बहुतांशी सरळ रस्ता. त्यावर वळणांपेक्षा गतिरोधक जास्त, आणि गतिरोधकावर दोन्ही चाकं एकदम उचलली जात असल्याने दांडा आपल्या बुशांत नुसता फिरतो, पीळ बसतच नाही. खड्डा मात्र एकाच चाकाखाली येतो. तिथे दांडा लगेच कामाला लागतो आणि डाव्या चाकाचं दुखणं उजव्याला कळवतो. सिंहस्थाच्या तोंडावर रस्ता रुंद होण्याची आशा आहे. रुंद म्हणजे आणखी सरळ, तेव्हा दांड्याची ती सुटीच समजायची. राहता राहिला घाट. तिथेही बार टायरची पकड वाढवत नाही, पुढच्या आणि मागच्या टायरांत तिची वाटणी बदलतो. पुढचा बार जाड केला तर नाक वळणाबाहेर जाऊ पाहतं, मागचा केला तर शेपूट पुढे येऊ पाहते. चांगले टायर आणि त्यांत योग्य हवा, हा पकडीचा पहिला उपाय बारकऱ्यालाही पाठ असतो. पण हवा पंपावर फुकट मिळते आणि तिच्यावर चर्चा होत नाही.

कायद्याची हरकत कुणी काढली तर ती त्याच्या पथ्यावरच पडते. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आरसीवरचा तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करायला मनाई करतं, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत, असं बजावलं. आरसीवर ज्याची नोंदच नाही तो दांडा या बदलांत मोडतो का, हा प्रश्न बारकऱ्याला आणखी तीन महिने पुरतो.

त्र्यंबकेश्वर हे तर दोषाचं निदान करून घेण्याचं गाव. लोक देशभरातून येतात, पत्रिका पुढे ठेवतात, दोष कळतो, शांती होते. बारकऱ्याच्या पत्रिकेत 'बॉडी रोल', म्हणजे वळणावर झुकणं, हा दोष असतो आणि तो त्याने स्वतःच काढलेला असतो. पण साम्य इथेच संपतं. नारायण नागबळी तीन दिवसांत आटोपतो आणि यजमान हलका होऊन गावी परततो. बारकऱ्याचं अनुष्ठान संपत नाही, कारण त्याला संपवायचं नसतं. निवृत्तीनाथांच्या वाटेवर एवढी प्रवृत्ती दुसऱ्या कुणात सापडायची नाही. अधूनमधून, हिशेबात चूक होऊन, बार खरोखरच बसवला जातो. त्या संध्याकाळी तो घरात गप्प बसलेला आढळतो. लग्न उरकलेल्या घरातल्या वधूपित्याचा चेहरा आठवावा.

पहिल्या रविवारी तो आईला मागे बसवून दर्शनाला नेतो. दर्शन होतं, आणि येताना गाडी मुद्दाम घाटातून फिरवून आणली जाते. वळणावर गाडी खरंच झुकत नाही. मात्र झुकणं थांबलं तरी बाहेर ओढणारा जोर तेवढाच राहतो, आणि वेग जरा वाढलेला असल्याने थोडा जास्तच. पेढ्यांचा पुडा सीटवरून सरकत दाराला जाऊन थडकतो. आई तो उचलते, मांडीवर घट्ट धरते आणि म्हणते, "अरे, तो बार बसवलास ना? मग हे काय?"

त्याचा चेहरा कित्येक दिवसांनी उजळतो. "आई, तो मागचा होता," तो म्हणतो. "आता पुढचा बघावा लागेल."