सोमवारकर

सोमवारकर या आडनावाचा माणूस तुम्हाला मतदारयादीत सापडायचा नाही, पण महाराष्ट्रातल्या प्रत्येक सोसायटीच्या प्रत्येक विंगमध्ये किमान एक तरी असतोच. वय पंचेचाळीस ते पंचावन्न. नोकरी बसून करायची. पोट शर्टाच्या चौथ्या बटणापासून पुढे स्वतंत्र कारभार पाहणारं. दाराच्या पाटीवर जोशी असो, पाटील असो नाहीतर डिसूझा, माणूस ओळखायचा तो एका वाक्यावरून: "सोमवारपासून सुरू करतोय."

आमच्या कोथरूडच्या सोसायटीतले सोमवारकर दुसऱ्या मजल्यावर राहतात, आमच्या बरोब्बर डोक्यावर. बँकेत आहेत. वजन विचारलं तर कर्जाचा व्याजदर सांगावा तसं दशांशासकट सांगतात, "अठ्ठ्याऐंशी पूर्णांक चार." दर सोमवारी ते हा आकडा स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर बारीक अक्षरात लिहितात. त्याच चौकोनात वहिनी दुधाचे खाडे मांडतात. एकदा महिनाअखेरीला ८८.४ हा आकडा दुधाच्या हिशेबात धरला गेला आणि वहिनी दूधवाल्याशी पाऊण तास भांडल्या. त्यात वहिनींच्या जेवढ्या कॅलरी जळल्या तेवढ्या आपल्या आठवडाभरात जळत नाहीत, अशी नोंद सोमवारकरांनी जिन्यात माझ्याजवळ केली.

आता येणारा प्रत्येक सोमवार काही लाभतोच असं नाही. एखाद्या सोमवारी अमावस्या निघते. एखादा मार्चअखेरीत सापडतो. पावसाळ्यात चालायला जायची टेकडी निसरडी, थंडीत सर्दी, उन्हाळ्यात ऊन. श्रावणातले सोमवार तर हक्काने उपासाचे. उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी आणि मध्ये पोकळी राहू नये म्हणून राजगिऱ्याचा लाडू. एकादशी आणि दुप्पट खाशी. "उपाशीपोटी व्यायाम केला की चक्कर येते," खिचडीवर दही घेत सोमवारकर सांगतात. मोठ्या संकल्पांचे मुहूर्त वेगळे: गुढीपाडवा, २१ जूनचा योगदिन, दसरा आणि १ जानेवारी. यातला एखादा सोमवारीच आला तर आदल्या रविवारी रात्री निरोपाची पावभाजी होते.

बूट आहेत. खास चालण्याचे, भारीतले. टेकडीवर माती फार, खराब होतील, म्हणून खोक्यात आहेत. मनगटावर घड्याळ आहे. बराच वेळ बसून राहिलं की ते थरथरतं आणि उठायला सांगतं. बँकेतल्या साहेबानंतर सोमवारकर कुणाचं ऐकून न ऐकल्यासारखं करत असतील, तर ते याच घड्याळाचं.

पण त्यांना अडाणी समजाल तर फसाल. वजन या विषयातला त्यांचा व्यासंग थक्क करणारा आहे. अडचण इतकीच, की त्यांच्या हाती लागलेली प्रत्येक माहिती सोफ्याच्या बाजूने साक्ष देते. रोज दहा हजार पावलं चाला म्हटलं, की ते सांगतात, "अहो, तो आकडा काही वैद्यकशास्त्राचा नाही. १९६५ साली जपानात पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्या जाहिरातीतला आहे." गोष्ट खरी आहे. जाहिरातीला बळी पडायचं नाही म्हणून ते दोन हजारही चालत नाहीत. बॉडी मास इंडेक्स काढला तर म्हणतात, "गोऱ्यांना पंचवीसपर्यंत सूट आहे, आपल्याला तेविसातच पकडतात. कंबरही नव्वद सेंटीमीटरच्या आत मागतात. हा काय न्याय झाला?"

एकदा त्यांनी मला पासबुकाच्या मागच्या पानावर गणित करून दाखवलं. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. त्यांच्या वजनाच्या माणसाने तासभर झपझप चालावं तर जळणार तीनशे-साडेतीनशे, म्हणजे जेमतेम एक वडापाव. "बावीस तास चालायचं एका किलोसाठी! पुण्याहून निघालो तर महाबळेश्वर येईल. आणि वाटेत पाचगणीला स्ट्रॉबेरी क्रीम खाणार नाही असा माणूस अजून जन्माला यायचाय." असं म्हणून त्यांनी पासबुक मिटलं. गणितात चूक नव्हती. हे बावीस तास महिनाभरात वाटून घेता येतात, एवढंच त्यात मांडायचं राहिलं होतं.

आहाराच्या बाबतीत त्यांचं धोरण सर्वपक्षीय आहे. डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दिवसातून दोनदाच जेवा आणि जेवण ५५ मिनिटांच्या आत उरका म्हटलं, ते सोमवारकरांना पटलं. ऋजुता दिवेकरांनी तुपाला घाबरू नका, भात सोडू नका म्हटलं, तेही पटलं. मग त्यांनी युती केली: मिनिटं दीक्षितांची, तूप दिवेकरांचं. घड्याळ लावून ते पूर्ण पंचावन्न मिनिटं तूपभात जेवत. दीक्षितांच्या सांगण्यात जेवणाबरोबर पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणंही येतं. ते कलम मात्र युतीच्या किमान समान कार्यक्रमात बसलं नाही.

इथवर सगळी सोसायटी हसते. मीही हसत होतो. पण एकदा गॅसच्या पुस्तकासाठी मी सोमवारकरांची बेल वाजवली, तेव्हा जे पाहिलं ते हसण्यासारखं नव्हतं. संध्याकाळचे पावणेसात. सोमवारकर बँकेतून आलेले. दाराजवळच्या खुर्चीत बसलेले. एका पायातला मोजा काढून हातात धरलेला, दुसरा पायातच. गळ्यात बँकेचं ओळखपत्र तसंच. दिवा लावलेला नाही. घड्याळ थरथरत होतं आणि ते त्याकडे बघतही नव्हते. मी पुस्तक मागितलं, त्यांनी बसल्या जागेवरून कपाटाकडे बोट केलं. मी शोधून घेतलं, दोन वाक्यं बोललो, निघालो, तरी दुसरा मोजा पायातच होता.

"दमलोय हो," ते म्हणाले. "काही केलं नाही, तरी दमलोय. सकाळी उठतो तोच दमलेला उठतो."

आपल्याकडे या वाक्यावर औषध सांगायला लोक टपलेलेच असतात. बी विंगमधल्या निवृत्त काकांनी आळस झटका म्हणून सांगितलं आणि कॉलेजात असताना रथसप्तमीला आपण १०८ सूर्यनमस्कार कसे घातले होते ते पुन्हा ऐकवलं. तळमजल्यावरच्या आजींनी दृष्ट काढायला सांगितली. कुणी कोमट पाण्यात लिंबू-मध सुचवलं, कुणी मनाचे खेळ आहेत म्हणून सोडून दिलं. एकाने तर जिमची वार्षिक सभासदफी भरा, पैसे गेले की पाय आपोआप जातात, असा आर्थिक उपाय सुचवला. सोमवारकरांनी फी भरली. पैसे गेले. पाय इथेच राहिले.

शेवटी वहिनींनी त्यांना कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर स्वतःच चांगले गरगरीत असल्यामुळे सोमवारकरांना लगेच विश्वास वाटला. त्यांनी वजनकाट्याकडे बोटसुद्धा दाखवलं नाही. झोप कशी लागते, दिवसा डुलक्या येतात का, घोरता का, हे विचारलं. घोरण्याचं उत्तर वहिनींनी दिलं. गरज पडली असती तर खालच्या मजल्यावरून मी साक्षीला गेलो असतो. मग रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या: हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड, बी-१२, ड जीवनसत्त्व. थायरॉईड मंदावलं तर थकवा येतो आणि वजनही वाढतं. रक्त कमी असेल तर जिना चढतानाच धाप लागते. झोपेत श्वास अडकत असेल तर आठ तास झोपूनही माणूस शिळाच उठतो. अशा माणसाला आळशी म्हणण्याआधी शंभर-दोनशे थेंब रक्त काढून बघावं, असं डॉक्टर म्हणाले.

बी-१२ आलं १२६. किमान दोनशेच्या आसपास तरी हवं असतं. सोमवारकर पिढीजात शाकाहारी, आणि हे जीवनसत्त्व भाजीपाल्यात नसतं. जे काय मिळायचं ते दूधदुभत्यातून, आणि दूध त्यांनी डाएटपायी सोडलेलं. रिपोर्ट हातात पडला त्या दिवशी सोमवारकरांचा चेहरा बोर्डात आलेल्या मुलासारखा झाला होता असं वहिनी सांगतात. "मी आळशी नाही! माझ्यात कमतरता आहे!" हे त्यांनी पार्किंगमध्ये मोठ्याने जाहीर केलं. तो कागद चारही मजले फिरून आला. बी विंगच्या काकांना तर दोनदा दाखवला. इंजेक्शनं सुरू झाली आणि महिन्या-दीड महिन्यात हातापायांच्या मुंग्या गेल्या, जिन्यातलं थांबणं कमी झालं.

पण खुर्चीतलं बसणं गेलं नाही. डॉक्टरांनी पुढच्या खेपेला वेगळाच प्रश्न विचारला, "पूर्वी काय आवडायचं? आता करता का?" सोमवारकर गप्प बसले. गणपतीच्या आरतीला पेटी वाजवायची ती त्यांनीच, हे सोसायटीत सगळ्यांना ठाऊक. गेल्या दोन गणपतींत पेटी माळ्यावरून खाली आली नव्हती आणि त्याचं कुणाला काही वाटलंही नव्हतं. त्या वेळी सगळे त्यांना डाएट विचारत होते. आवडीचं काही करावंसं न वाटणं, सतत उदास असणं, झोप आणि भूक बिघडणं, हे दोन आठवड्यांच्या वर टिकलं तर त्याला नुसती मरगळ म्हणून भागत नाही, असं सांगून डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांच्या नावाची चिठ्ठी दिली.

आणि इथे गंमत बघा. बी-१२चा कागद चार मजले फिरला, ही चिठ्ठी मात्र चार घड्या घालून खिशात गेली. शनिवारी दुपारी बाहेर पडताना कुणी विचारलं तर ते चष्म्याचा नंबर तपासायला चाललोय म्हणून सांगत. तीन महिन्यांत एवढ्या वेळा नंबर तपासल्यावर बी विंगच्या काकांनी त्यांना दुसरा डोळ्यांचा डॉक्टर सुचवला.

त्या चष्म्याच्या डॉक्टरांनी काय दिलं? थोडी औषधं, जी लागू पडायला काही आठवडे जावे लागतात, हे आधीच सांगून. आणि एक काम. हुरूप आला की चालू, हा हिशेब उलटा आहे. आधी चालायचं, हुरूप मागून येतो, आणि नाही आला तरी चालणं झालेलं असतं. किती चालायचं? कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत. दूधवाला बंद करायचा आणि सकाळी पिशवी स्वतः आणायची. बूट घालायचे, मातीची काळजी करायची नाही. सोमवारकरांनी लगेच हरकत घेतली, की जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान दीडशे मिनिटं सांगते आणि डेअरी जाऊन-येऊन नऊ मिनिटांची आहे. त्यावर त्यांना कळलं की सलग दहा मिनिटं तरी हवीत ही जुनी अट त्याच संघटनेने २०२० साली काढून टाकली आहे. जेवढी होतील तेवढी जमेस धरतात. आयुष्यात पहिल्यांदा एक माहिती सोफ्याविरुद्ध गेली.

आता सोमवारकर रोज दूध आणतात. मधल्या काळात चार दिवस गेले नाहीत, मग पाचव्या दिवशी गेले, आणि त्यासाठी सोमवारची वाट पाहिली नाही. डेअरीची वाट हळूहळू लांबली, एका रविवारी टेकडीच्या पायथ्यापर्यंत गेली. वजन सहा महिन्यांत अडीच किलो उतरलं. लग्नाला गेले तर मावशी म्हणाली, "काय रे, वाळलास? बरं नाही का?" आपल्याकडे जाड माणसाला बारीक हो म्हणतात आणि बारीक झाला की आजारी ठरवतात, हे सोमवारकरांनी जिलबी नाकारत ऐकून घेतलं. दुसरी जिलबी मात्र नाकारली नाही. ते बरे होत असल्याचं लक्षण मी तेच धरलं.

तुमच्या विंगमध्येही असे कुणीतरी असतीलच. त्यांना डाएट सांगू नका, १०८ आकडा ऐकवू नका. रक्त तपासून घ्या म्हणा. उदासी दोन आठवड्यांच्या वर लांबली असेल तर डॉक्टरांकडे घेऊन जा. जायला संकोच वाटत असेल तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, फुकट आणि मराठीतही मिळते. आणि सगळ्यात सोपं म्हणजे, सकाळी बेल वाजवून "चला, खाली जाऊन येऊ" एवढंच म्हणा. चालताना मात्र उपदेश करू नका. त्याने दोघांनाही दम लागतो.