कंपाउंडर आयला बेटावर

पीटच्या धुरात मुरलेली स्कॉच पहिल्यांदा नाकाशी नेली की माणूस एकतर डोळे मिटतो, नाहीतर "कुणाला लागलं का?" असं विचारतो. आमचे अण्णा दुसऱ्या प्रकारातले. अण्णा म्हणजे माझे सासरे. त्यांची सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात कंपाउंडर म्हणून गेली. लाफ्रॉइग डिस्टिलरीत पेला हातात येतो न येतो तोच त्यांनी निदान केलं, "जावईबापू, कार्बोलिक आहे."

माझ्या साडूचा चेहरा पडला. साडू ग्लासगोला असतो. परदेशी गेल्यावर लोकांना शिंगं फुटतात, याला नाक फुटलं. त्याच्याजवळ चामडी बांधणीची एक वही असते. तीत एकेका व्हिस्कीला एकेक पान, आणि पानावर 'ओला दोरखंड', 'काल रात्रीची शेकोटी', 'आजोळच्या कपाटाचा खालचा खण' अशी टिपणं. सासऱ्यांना इथे आणायची कल्पना त्याचीच. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडच्या या आयला बेटावर धुरकट व्हिस्कीची बडी घराणी नांदतात आणि त्यांतली तीन तर पोर्ट एलन गावाबाहेरच्या एकाच पायवाटेवर, पाचेक किलोमीटरच्या आत, ओळीने उभी आहेत: लाफ्रॉइग, लॅगव्हुलिन, आर्डबेग. श्रोत्यांची एवढी सोय किराणा-ग्वाल्हेरवाल्यांनीही केली नव्हती.

चालताना समोरून येणारा प्रत्येक मोटारवाला हात हलवतो. ती इथली रीत. पहिल्या मोटारीला अण्णा दचकले. लॅगव्हुलिन येईपर्यंत ते दोन्ही हात जोडून, किंचित वाकून, अपक्ष उमेदवारासारखे चालत होते.

तर कार्बोलिक. निदान अचूक होतं. या बेटावर वारा फार आणि झाडं कमी, मग सरपण कुठलं? जमीन खणली की पीट निघतं, म्हणजे हजारो वर्षं पाण्याने गच्च जमिनीत अर्धवट कुजत पडलेलं शेवाळ आणि झाडोरा. वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर थर साचतो. ते कापून, वाळवून पेटवायचं आणि मोड आलेले सातू त्याच्या धुरावर सुकवायचे. त्या धुरात फिनॉल, क्रेसॉल, ग्वायकॉल ही मंडळी असतात, ती दाण्याला चिकटतात आणि पिंपात वर्षानुवर्षं ठेवलं तरी पुरती जात नाहीत. फिनॉल म्हणजेच कार्बोलिक आम्ल. १८६५ साली जोसेफ लिस्टरने जखमेवर ते वापरलं, तेही ग्लासगोच्या इस्पितळात. हे मी सांगितल्यावर अण्णांनी साडूकडे असं पाहिलं की त्याने मुकाट्याने वही उघडून 'औषधी' असा शेरा लिहिला.

लाफ्रॉइगला स्वतः औषध असण्याची लाज नाही. अमेरिकेत दारूबंदी होती तेव्हा ती तिथे औषध म्हणून विकली जात होती, असं सांगतात. वास घेतल्यावर कुठल्या अंमलदाराची शंका घ्यायची छाती झाली असती? यावर अण्णांनी खिशातून प्लॅस्टिकमध्ये घातलेलं परमिट काढून दाखवलं. आपल्याकडेही १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली मिळणारा परवाना मद्य आरोग्य राखण्यासाठी घ्यायला देतात, मजेसाठी नाही. अण्णा कायद्याने चालणारे. स्कॉटलंडमध्येही परमिट जवळ ठेवूनच पितात. काउंटरवरच्या मुलीने ते उलटसुलट पाहून आदराने परत केलं.

त्यांना जिंकलं ते मात्र व्हिस्कीने नाही, बेसी विल्यमसन या बाईंनी. १९३४ साली उन्हाळ्यापुरती टायपिस्ट म्हणून आली, आणि १९५४ साली मालक वारले तेव्हा डिस्टिलरी तिच्या नावावर करून गेले. "हंगामी होती?" अण्णांनी दोनदा विचारलं. स्वतः हंगामीचे कायम व्हायला त्यांनी किती अर्ज केले होते ते त्यांनाच माहीत. पुढे कळलं की लाफ्रॉइगच्या मित्रमंडळात नाव घातलं की बेटावरची एक चौरस फूट जमीन आयुष्यभराच्या भाडेपट्ट्याने मिळते, आणि मालकाने तुम्हाला दरसाल एक पेला खंड द्यायचा, मात्र तो घ्यायला तुम्ही स्वतः यायचं. साडूच्या नावे असा एक फूट आहे. "सातबारा उतारा काढलास का?" अण्णा म्हणाले. "कुळ लागलं तर?"

लॅगव्हुलिनला भांडणाचा इतिहास आहे, त्यामुळे तिथे आम्ही तिघेही रमलो. मालक पीटर मॅकी. शेजारच्या लाफ्रॉइगच्या विक्रीची एजन्सी पिढीजात याच्याकडे. १९०७ साली ती गेली. गड्याने लाफ्रॉइगचं पाणी दगड टाकून अडवलं. कोर्टाने दगड काढायला लावले. तेव्हा १९०८ मध्ये त्याने आपल्याच आवारात दुसरी, लाफ्रॉइगच्या नमुन्याची भट्टी घातली, मॉल्ट मिल नावाची, आणि शेजाऱ्याचा जाणता माणूस फोडून आणला. तशीच भांडी, तसाच धूर, तोच हात. व्हिस्की निघाली चांगली. पण लाफ्रॉइग काही निघाली नाही. १९६२ पर्यंत मॉल्ट मिल चालली आणि शेवटपर्यंत निघाली नाही. अण्णांना यात काहीच नवल वाटलं नाही. "बांधावरनं भांडून शेजाऱ्याच्या आंब्याची चव येते होय?" म्हणाले आणि सोळा वर्षं मुरलेली लॅगव्हुलिन प्रथमच काही न बोलता संपवली.

आर्डबेगला साडूने आकडे काढले. धुराचे मार्क पीपीएममध्ये, म्हणजे दशलक्ष भागांत फिनॉलचे किती भाग, असे मोजतात. लॅगव्हुलिन पस्तीसच्या आसपास, लाफ्रॉइग त्याच्या वर, आर्डबेग पंचावन्न. बेटावरच्याच ब्रुकलॅडीवाल्यांच्या ऑक्टोमोरने एकदा ३०९ गाठले. आमच्या दोन्ही घरांत मार्कांबद्दल आदर उपजत असल्याने मी लगेच ऑक्टोमोर मागवणार होतो, पण अण्णांनी कंपाउंडरी प्रश्न टाकला, "हे मोजलं कशात? बाटलीत?" नाही. दाण्यात. ऊर्ध्वपातनात त्यातलं बरंच गळतं आणि भट्टी कशी चालवली, कुठला भाग ठेवला, यावर बाटलीत काय उतरेल ते ठरतं. बेटावरचीच आणखी एक डिस्टिलरी कूल ईला आणि लॅगव्हुलिन, दोघींचं मॉल्ट पोर्ट एलनच्या एकाच कारखान्यातून येतं. कूल ईला हलकी, लिंबाच्या सालीची. लॅगव्हुलिन जाड, गोडसर आणि जेवून आल्यासारखी. माझं मत विचाराल तर आर्डबेग पंचावन्न मार्कांची असून या तिघींत सगळ्यात मोकळी आणि चटपटीत आहे. लाफ्रॉइगचा दवाखाना तिच्यात फक्त पाट्यांपुरता उरतो.

रात्री मुक्कामाच्या घरी साडूने पेले झाकून परीक्षा ठेवली. त्याने स्वतः, वहीसकट, कूल ईलाला लॅगव्हुलिन म्हटलं. अण्णांनी लाफ्रॉइग टेबलाच्या पलीकडूनच ओळखली. मग त्यांनी चष्म्याच्या डबीतून ड्रॉपर काढला आणि प्रत्येक पेल्यात थेंब मोजून पाणी घालू लागले. "अहो, पाणी?" साडू किंचाळला. पण २०१७ साली स्वीडनमधल्या दोन शास्त्रज्ञांनी संगणकावर मांडून दाखवलंय की पाणी घातलं की ग्वायकॉल पृष्ठभागाकडे येतं, म्हणजे धूर नाकाच्या जवळ येतो. मी हे सांगितलं. साडूने ते वहीत लिहायला नकार दिला.

सकाळी त्याच्या लॅगव्हुलिनच्या बाटलीवर कागदाची उभी पट्टी डकवलेली होती, कात्रीने खाचा पाडलेली. वर वळणदार अक्षरात 'जेवणानंतर'.

"अण्णा, लेबल झाकलंत ना!"

"वाचलं मी ते," अण्णा चहात बिस्कीट बुडवत म्हणाले. "सोळा वर्षं वेळ होता. डोस लिहायचा राहिलाच."