एसी लावला होता का?

ठाणे, डोंबिवली आणि कल्याण या स्थानकांच्या आसपास तीसचाळीस वर्षे काढलेल्या मध्यमवर्गीय पुरुषांत एक प्रकार हमखास आढळतो, ज्याला सोयीसाठी 'टॉकीजचा जाणकार' म्हणता येईल. चित्रपटाचा जाणकार आणि टॉकीजचा जाणकार हे दोन अगदी निरनिराळे प्राणी असून, पहिला पटकथा, छायालेखन आणि दिग्दर्शकाची दृष्टी यांविषयी बोलतो म्हणून त्याचे कोणी ऐकत नाही, तर दुसरा खुर्ची, पंखा, समोसा, पार्किंग आणि पडद्यावरचा डाग यांविषयी बोलतो आणि त्याच्या शब्दावर सोसायटीतील चार बिऱ्हाडांचा रविवार ठरतो. शेजारचे कुटुंब पिक्चर पाहून परतताना जिन्यात भेटले, तर पिक्चर कसा होता हे विचारण्याच्या फंदात तो पडत नाही. 'एसी लावला होता का?' एवढाच त्याचा प्रश्न असतो, आणि त्याच्या उत्तरावरून तो त्या चित्रपटाचे भवितव्यही सांगून टाकतो.

येथे 'टॉकीज' म्हणजे एकच पडदा असलेले, खाली स्टॉल आणि वर बाल्कनी अशी रचना असलेले, स्थानकावरून चालत किंवा शेअर रिक्षाने गाठता येणारे चित्रपटगृह असा अर्थ घ्यावयाचा आहे. ठाण्यात मल्हार, वंदना, गणेश, प्रभात, आणि डोंबिवलीत टिळक, पूजा, मधुबन, गोपी ही नावे उच्चारताच जाणकाराचा चेहरा असा उजळतो की जणू मुंजीतल्या बटूंची यादी वाचली जात आहे. या नावांचा त्याला चित्रपटांइतकाच, किंबहुना अधिक, उपयोग पत्ता सांगण्यासाठी होतो. ठाण्याहून पुण्याकडे जाणाऱ्या एसटीचे थांबे ज्या 'वंदना' नावाने ओळखले जातात ते नाव चित्रपटगृहाचे आहे हे नव्या पिढीला ठाऊक नसते, आणि जाणकार ते प्रत्येक पाहुण्याला, त्याची गाडी सुटत असली तरी, थांबवून सांगतो. जे टॉकीज पडून तेथे टॉवर उभा राहिला त्याच्याही 'समोर', 'मागे' आणि 'गल्लीत' असे त्याचे पत्ते चालू असतात. विसाव्या शतकाचा हा नकाशा घेऊन निघालेला कुरिअरवाला शेवटी फोन करतो तो अर्थातच जाणकाराच्या मुलाला.

जाणकाराच्या विद्येचा गाभा वातानुकूलनशास्त्र हा आहे, आणि या शास्त्रात त्याची गती खरोखरच असामान्य असते. कित्येक शे खुर्च्यांचे, उंच छताचे सभागृह थंड करण्यास बरीच वीज लागते, आणि आतली माणसे कमी झाली म्हणून ती त्याच प्रमाणात कमी होत नाही; त्यामुळे मंगळवारच्या दुपारच्या खेळाला मोजकी डोकी पाहून व्यवस्थापकाचा हात बटणाकडे वळणे हे अर्थशास्त्राला धरूनच असते. जाणकाराला हे अर्थशास्त्र मान्य नाही, पण त्याची कार्यपद्धती मात्र तोंडपाठ आहे. यंत्रातील कम्प्रेसर, म्हणजे ज्याच्यामुळे हवा गार होते तो भाग, बंद करून केवळ ब्लोअर, म्हणजे तीच हवा फिरवणारा पंखा, चालू ठेवला की आवाजात जो सूक्ष्म फरक पडतो तो त्याला अचूक कळतो, आणि पडद्यावर नायिकेचे वडील अखेरचा श्वास घेत असताना तो शेजाऱ्याच्या कानात 'कम्प्रेसर गेला, नुसता ब्लोअर आहे' अशी बातमी देतो. मध्यंतरानंतर एसी बंद होतो हा त्याचा सिद्धान्त असून, तो चालूच राहिला तर त्या दिवशी मालक स्वतः आला असावा असा उपसिद्धान्तही त्याने तयार ठेवलेला असतो. कल्याण-डोंबिवलीत भारनियमनाने, म्हणजे ठरावीक तास वीज बंद ठेवण्याच्या पद्धतीने, लोकांना घामाघूम केले होते त्या वर्षांत हाच गृहस्थ जनरेटर असलेल्या टॉकीजमध्ये दुपारी बाराचा खेळ पाहण्यास जाई आणि मध्यंतरापर्यंत गाढ झोपे. त्या काळातील चित्रपटांविषयी त्याचे मत चांगले आहे.

खुर्चीविषयीची त्याची मते ऐकताना तो रोज कसा प्रवास करतो हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे. डोंबिवली ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे 48 किलोमीटर, कल्याणहून ते सुमारे 54. जलद लोकललाही तासाच्या वर वेळ लागतो, आणि हा वेळ जाणकाराने आयुष्यभर एका पायावर किंवा 'चौथ्या सीट'वर काढलेला असतो. चौथी सीट म्हणजे तिघांच्या बाकावर तिघांनी कृपाळूपणे सरकून दिलेली चार बोटे जागा, जिच्यावर अर्धे शरीर बसते आणि उरलेले वाटेत उभ्या असलेल्यांच्या हवाली राहते. ही जागा मिळाली तर तो दिवसभर आनंदात असतो. तोच मनुष्य सहाच्या खेळाला बाल्कनीतील पूर्ण, एकट्याची, दोन हातांची खुर्ची लाभताच ती मागे कलत नाही, स्प्रिंग टोचते आणि पुढच्या रांगेत गुडघे लागतात, अशा तीन तक्रारी नामावली पडद्यावरून जाण्याआधीच नोंदवतो. रेल्वे सरकारची आहे, टॉकीज आपले आहे, हे या वर्तनामागचे तत्त्व होय.

'रीळ खाल्ले', म्हणजे चित्रपटाचा काही भाग गाळला, हा त्याचा दुसरा लाडका आरोप. पूर्वी चित्रपट 35 मिलिमीटर रुंदीच्या फितीवर, सेकंदाला 24 चौकटी या वेगाने, अनेक रिळांत विभागून येत असे. दोन प्रक्षेपकांपैकी एकावरचे रीळ संपत आले की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका उमटे आणि तो पाहून ऑपरेटर, म्हणजे यंत्र चालवणारा कामगार, दुसरे यंत्र सुरू करी. शेवटची लोकल चुकू नये म्हणून किंवा पुढचा खेळ वेळेवर सुरू व्हावा म्हणून एखादे गाणे वगळले जाई, हे त्या काळी नवल नव्हते. जाणकाराला तो ठिपका दिसत असे, आणि आपल्याला तो दिसतो हे तो इतरांनाही दाखवत असे. पुढे चित्रपट उपग्रहावरून सर्व्हरवर उतरू लागले, फीत गेली, ठिपका गेला, ऑपरेटरला शिट्ट्या मारून 'फोकस' असे ओरडण्याचे प्रयोजनही गेले. तरीही चित्रपट अडीच तासांऐवजी दोन तासांत संपला की हा गृहस्थ बाहेर येऊन 'दोन रिळे खाल्ली' असे ठामपणे सांगतो. चित्रपट मुळात तेवढाच आहे असे सांगणाऱ्या मुलाला त्याने कधी माफ केलेले नाही.

हाच गृहस्थ मुलाच्या आग्रहाने ठाण्याच्या एखाद्या मॉलमध्ये किंवा कल्याणच्या मेट्रो मॉलमध्ये बहुपडदा चित्रपटगृहात जातो तेव्हा त्याच्यात होणारा पालट अभ्यासकाने मुद्दाम पाहावा. येथे तिकीट कितीतरी पट, पॉपकॉर्न तिकिटाहून महाग, आणि थंडी एवढी की पत्नीने पिशवीतून शाल काढलेली असते; पण जाणकार चकार शब्द काढत नाही, तपासणीसाठी हात वर करतो, पाण्याची बाटली निमूटपणे बाहेर ठेवतो आणि परतल्यावर 'आत फार थंडी होती' हे वाक्य तक्रारीच्या सुरात पण अभिमानाने उच्चारतो. मॉलमध्ये तो ग्राहक असतो आणि टॉकीजमध्ये भागधारक, फरक एवढाच की या भागधारकाने भांडवल म्हणून आजवर फक्त मते गुंतवलेली आहेत.

खाद्यपदार्थांच्या बाबतीत त्याचे धोरण दुहेरी आहे. चित्रपटगृहाच्या मालकाला बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेण्यास मनाई करता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये दिला, आणि मॉलपुरता तो जाणकाराने शिरोधार्य मानला. टॉकीजमध्ये मात्र त्याच्या पिशवीत भाजलेल्या शेंगा, चिवडा आणि गेटबाहेरच्या गाडीवरील वडापाव न्यायालयाचा अवमान करीत विराजमान असतात. डोअरकीपर, म्हणजे बॅटरी घेऊन जागा दाखवणारा माणूस, वीस वर्षांच्या ओळखीचा असल्याने तो नजर दुसरीकडे वळवतो आणि नंतर त्यालाच शेंगांची टरफले झाडावी लागतात. 'टॉकीज स्वच्छ ठेवत नाहीत' हे मत येथूनच जन्म घेते.

तिकिटाविषयी त्याची अट एकच: 'शंभरच्या आत'. योगायोगाने सरकारचाही हाच आकडा आहे. वस्तू व सेवा कराच्या रचनेत शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटाला वेगळा, कमी दर असून सप्टेंबर 2025 पासून तो 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला, तर शंभरावरील तिकिटाला 18 टक्के कायम राहिला. ही सवलत जाहीर होताच जाणकाराने तिकीट आणखी किती उतरायला हवे याचा हिशेब मांडला. नवा पडदा, नवी ध्वनियंत्रणा आणि मध्यंतरानंतरचा एसी यांचा खर्च त्या हिशेबात कोठेही दिसत नाही.

मराठी चित्रपटाविषयी तो विशेष जागरूक असतो. 2015 साली बहुपडदा चित्रपटगृहांनी संध्याकाळच्या मोक्याच्या वेळी मराठी चित्रपट दाखवावेत असे राज्य शासनाने जाहीर केले आणि त्यावरून वाद पेटला, तेव्हा डोंबिवलीच्या फलाटावर जाणकाराने मराठीची बाजू अशी लढवली की दोन गाड्या सोडाव्या लागल्या. ज्या मराठी चित्रपटासाठी तो लढत होता तो जवळच्या टॉकीजमध्ये त्याच आठवड्यात लागलेला होता. तो पाहिला का, असे विचारता 'टीव्हीवर येईलच' हे उत्तर मिळाले.

या प्रकारात स्त्रिया जवळजवळ आढळत नाहीत, याचे कारण त्यांचे मत एकच असून ते निर्विवाद असते. 2023 च्या जूनअखेर 'बाईपण भारी देवा' हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि भिशीचे, भजनाचे, सोसायटीचे गट नऊवारीत आणि गॉगलमध्ये चित्रपटगृहांकडे निघाले, तेव्हा कोठे जायचे हे ठरवताना त्यांनी कम्प्रेसर, रीळ, स्प्रिंग यांपैकी कशाचाही विचार केला नाही. तेथील स्वच्छतागृह वापरण्याजोगे आहे का, एवढेच पाहिले. जाणकाराच्या साऱ्या वाङ्मयात या मुद्द्याला एक ओळ आहे. टॉकीजच्या मालकांनीही तेवढीच जागा दिली, आणि निम्मा प्रेक्षकवर्ग मॉलकडे का वळला याचे सर्वांत खरे कारण बहुधा तेच आहे.

शेवटी एखादे टॉकीज बंद होते. 2020 च्या मार्चपासून टाळेबंदीने महिनोन्महिने अंधारात ठेवलेल्या इमारतींपैकी काहींना पुन्हा उजेड दिसला नाही, तर काहींच्या जमिनीची किंमत चित्रपटाच्या कोणत्याही गल्ल्याहून मोठी झाली होती. बातमी येताच जाणकार मनापासून हळहळतो, स्टॉलचे तिकीट किती होते, 'हाऊसफुल्ल'चा फलक किती आठवडे हलला नव्हता, काळ्या बाजारात दोनाचे पाच कसे होत, हे सांगतो, आणि आपण तेथे अखेरचे कधी गेलो होतो या प्रश्नाशी येऊन थांबतो. त्यानंतर तो त्या जागेवर होणाऱ्या टॉवरमधील फ्लॅटचा चौरस फुटाचा भाव विचारतो.

ठाणे-डोंबिवलीच्या ज्या वाचकांच्या घराजवळ असे एखादे टॉकीज अजून चालू असेल, त्यांनी या शनिवारी सहाच्या खेळाचे तिकीट खिडकीवर जाऊन काढावे. एसी लावला आहे की नाही, ते आत गेल्यावर कळेलच.