पॉइंटांचे परदेशगमन

विमान कंपनीचे पॉइंट म्हणजे तिनेच छापलेले आणि तिच्याच मर्जीने अवमूल्यन होणारे चलन होय. तरीही महिधरपुऱ्याच्या हिरेबाजारात एका सेंटवरून, म्हणजे कॅरटच्या शंभराव्या भागावरून, घासाघीस करणारा सुरती व्यापारी या चलनाचा भाव विचारत नाही. १७ डिसेंबर २०२३ रोजी सुरतेच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले आणि दुबईचे विमान सुरू झाले खरे, परंतु पॉइंटांवर मिळणाऱ्या लंडनच्या ‘मोफत’ तिकिटासाठी बहुधा रेल्वेने मुंबईच गाठावी लागते. शिवाय कर आणि अनेक कंपन्यांचा इंधन अधिभार, म्हणजे इंधन महागल्याच्या नावाने लावलेली व ते उतरल्यावर सहसा न उतरणारी रक्कम, रोखीनेच भरावे लागतात. बिझनेस क्लासला हा व्यवहार कधीकधी परवडतो; इकॉनॉमीला मात्र सवलतीचे साधे तिकीट पुष्कळदा स्वस्त पडते, पण ते चारचौघांत मिरवता येत नाही.