विषय क्रमांक चार : गाळ

(रंगमंचावर एक टेबल, प्लास्टिकची खुर्ची, मिनिट बुक, घंटी. सेक्रेटरी येतात. साठी ओलांडलेली, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायांत गुडघ्यापर्यंतचे काळे गमबूट. मे महिन्यातली दुपार. ते प्रेक्षकांची डोकी मोजतात.)

कोरम नाही. (घंटी वाजवतात.) सभा तहकूब!

(खुर्चीत बसतात. पाणी पितात. उठतात.)

अर्धा तास झाला असं धरून चालू. तहकूब सभेला कोरम लागत नाही. हा नियम ज्याने लिहिला तो अंधेरीतल्या एखाद्या सोसायटीत राहिलेला असणार.

विषय एक, मागील इतिवृत्त. मंजूर. विषय दोन, हिशेब. मंजूर. काय हो तीनशे एक, वाचले का? नाही ना? मग मंजूर. विषय तीन, लिफ्टमध्ये पान थुंकणाऱ्याचा शोध. पुढे ढकलण्यात येत आहे, कारण शोध कमिटीपर्यंत आला आहे.

विषय चार. मान्सूनपूर्व तयारी.

(प्रेक्षकांतून कुणी उठल्यासारखं बघतात.) बसा बसा! चहा विषय चारनंतर आहे.

आता सहाशे चार काय म्हणणार ते मला पाठ आहे. (आवाज बदलून, छाती पुढे काढून) "सेक्रेटरीसाहेब, हे पालिकेचं काम आहे. आपण टॅक्स भरतो!" सहाशे चार, तुमचा मेंटेनन्स डिसेंबरपासून बाकी आहे. टॅक्स सोसायटी भरते. म्हणजे तो चारशे दोनच्या आजी भरतात, तुमच्या वाटचा सुद्धा.

पालिका काय करते ते सांगतो. नाले उपसते. मुदत ३१ मे. दरवर्षी पेपरात टक्केवारी येते, नाला तुंबलेला असतो आणि टक्केवारी वाहत असते. २०२५ साली पाऊस मुंबईत आला २६ मेला. इतक्या लवकर तो आधी कधी आलाच नव्हता. पाच दिवस थांबला असता तर काय बिघडलं असतं? पण त्याला कुणी परिपत्रक पाठवलं नव्हतं. वरळीचं मेट्रो स्टेशन नवंकोरं, भुयारी. त्यातही जाऊन आला.

आणि गाळ! त्याच वर्षी मिठी नदीच्या गाळात ६५ कोटींचा घोटाळा झाल्याचा गुन्हा आर्थिक गुन्हे शाखेने नोंदवला. कोर्टात काय व्हायचं ते होईल. पण मी विचार केला, आमच्या सोसायटीचा गाळ आम्ही फुकट फेकतो. ६५ कोटी! आपण कुठली वस्तू कचरा म्हणून बघत होतो हो!

आता ठेकेदाराने गाळ काढतानाचा व्हिडिओ द्यायचा आणि तो खरा की खोटा हे एआय तपासणार. चांगलंच आहे. आपल्याकडे एआय नाही. चारशे दोनच्या आजी आहेत, खिडकीत. कोण कचरा कुठे टाकतो, किती वाजता, कुठल्या हाताने. त्यांना चार्जिंग लागत नाही, दुपारी फक्त अर्धा तास झोप.

(मोबाइल काढतात.)

माझी भाची असते अमेरिकेत, बोस्टनला. जानेवारीत तिचा व्हिडिओ आला. पहाटेची वेळ, हातात फावडं, कमरेपर्यंत बर्फ. म्हटलं, "अगं, तिकडे महापालिका नाही का?" म्हणते, "आहे ना मामा. रस्ता ते साफ करतात. घरासमोरचा फुटपाथ आपण करायचा. बर्फ थांबल्यापासून तीन तासांत, नाहीतर दंड." किती रुंद? ४२ इंच. व्हीलचेअर जाऊ शकली पाहिजे म्हणून. आणि उपसलेला बर्फ रस्त्यावर टाकायचा नाही, त्यालाही दंड.

(थांबतात.)

४२ इंच! इथे स्टेशनबाहेर कुणी मला सलग ४२ इंच फुटपाथ दाखवला तर मी तो रोज जिभेने चाटून साफ करीन.

मी हे कमिटीत सांगितलं. खजिनदार म्हणाले, "आपल्याकडे बर्फ कुठे आहे?" खरंय. अंधेरीत बर्फ म्हणाल तर एकच, बर्फीवाला उड्डाणपूल. तोही २०२४ साली गोखले पूल उघडला तेव्हा त्याच्याशी जुळला नव्हता. एक वर, एक खाली. नंतर जॅक लावून जोडला. पण मी म्हणतो, बर्फ परवडला! तो पांढरा असतो, दिसतो, वास येत नाही आणि एप्रिलमध्ये आपला आपण निघून जातो. गाळ मे महिन्यात नाल्यातून बाहेर काढतात, काठावर सुकत ठेवतात, कारण ओला उचलला तर रस्ताभर सांडतो. तो सुकत असतो, सुकत असतो, आणि पहिल्या सरीला स्वतःच्या पायांनी नाल्यात परत जातो. इतका घरचा ओढा आमच्या मुलांना नाही.

भाचीची आणखी एक गोष्ट. तिकडे आपल्या हाताने बर्फ उपसून गाडीची जागा मोकळी केली की लोक तिथे एक खुर्ची ठेवतात. ती जागा त्यांची. पालिकाही थोडे दिवस चालवून घेते. घाम गाळलाय ना! आमच्या पार्किंगमध्ये पाचशे एकने बारा महिने एक तुटकी कुंडी आणि दोन विटा ठेवल्यात. काय उपसलंत हो पाचशे एक?

(मिनिट बुक उघडतात.)

तर हद्दी समजून घ्या. गेटबाहेरचं गटार पालिकेचं. गेटच्या आतलं आपलं. बरोब्बर गेटच्या खालचं? त्याच्यावर पत्रव्यवहार चालू आहे. कंपाउंडमधली झाडं आपली. छाटायची तर आधी उद्यान खात्याची परवानगी, १९७५ चा कायदा आहे, मग माणसं, मग बिल. आपला गुलमोहर आपल्या जमिनीत, फांदी रस्त्यावर, सावली तीनशे एकच्या गाडीवर. खर्च वाटायची वेळ आली तेव्हा तीनशे एक काय म्हणाले? "सावली मी मागितली नव्हती." लिहून ठेवलंय, पान सदतीस!

बिल्डिंगला तीस वर्षं झाली की स्ट्रक्चरल ऑडिट. तेही आपणच करायचं. इंजिनीअर आला, खांबाला हात लावला, तीनशे एकने विचारलं, "किती रुपयांत मजबूत निघेल?"

गेल्या वर्षी आतलं चेंबर उघडलं, आठवतंय? मी होतो, वॉचमन होता, सफाईवाले दोघे होते. बाकी सगळे बाल्कनीत. वरून मार्गदर्शन करत. पहिल्यांदा निघाल्या दुधाच्या पिशव्या. मग निर्माल्य; भक्तिभावाने प्लास्टिकमध्ये घालून, वर गाठ मारून. २०१८ पासून पिशव्यांना बंदी आहे म्हणतात, देवाला कुणी कळवलं नसावं. मग एक टीव्हीचा रिमोट. आजी वरून ओरडल्या, "अगंबाई, आमचा!" पुसून घेऊन गेल्या. चालू निघाला तर पेढे वाटीन म्हणाल्या. आणि खाली, पाइपच्या तोंडाशी, इतका जाड सिमेंटचा थर. दगड झालेला. छिन्नी लागली. तो कुठून आला? सातशे दोनचं बाथरूम नवीन झालं तेव्हा गवंड्याने घमेली धुतली ती इथेच. इटालियन टाइल्स वर, इटालियन गाळ खाली.

हे सगळं घमेल्यात काढून ओळीने मांडलं. सगळ्या बाल्कन्यांनी बघितलं. आणि एकमताने, विरोधी मत शून्य, काय म्हणाल्या?

(दोन्ही हात वर करून) "पालिका काय करते!"

(हसत खुर्चीत बसतात. मग पुढे सरकतात.)

पालिकेची बाजू घेत नाही मी. आपल्या शहराची जुनी गटारं इंग्रजांची. तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून न्यायची त्यांची कुवत. ती दुप्पट करा, ५० करा, असं सांगणारा ब्रिमस्टोवॅडचा अहवाल १९९३ चा. मग आली २००५ ची २६ जुलै. कुलाब्याला त्या दिवशी ७३ मिलिमीटर. आणि इथे, दोन स्टेशनं पलीकडे सांताक्रूझला, ९४४! मंत्रालयात छत्री, अंधेरीत होडी. त्यानंतर पंप बसले, आपल्या बाजूला इर्ल्याला बसले. मोठ्या भरतीला समुद्राकडचे दरवाजे बंद करायचे, पाणी पंपाने बाहेर फेकायचं. पण पंपापर्यंत पाणी पोहोचायला हवं ना! वाटेत आपला रिमोट बसलाय.

आणि सबवे. अंधेरी सबवे ही जागा नाही, ऋतू आहे. मोगरा नाला वर येतो, पोलीस दोरी बांधतात, आणि पूर्वेचा जावई पश्चिमेला सासुरवाडीत चार तास अडकतो. तीनशे एकचे जावई म्हणे दरवर्षी पावसाचा अंदाज बघूनच सासरी येतात. येलो अलर्टला येतात. ऑरेंजला फोन करतात.

(उभे राहतात. आवाज खाली.)

एक गोष्ट मात्र हसण्यावारी न्यायची नाही. २९ ऑगस्ट २०१७. एल्फिन्स्टनजवळ एक मोठे डॉक्टर गुडघाभर पाण्यातून घरी चालत निघाले होते. पाणी लवकर उतरावं म्हणून मॅनहोलचं झाकण काढलेलं होतं. पाण्यात ते दिसत नाही. डॉक्टर त्यात पडले. दोन दिवसांनी सापडला तो त्यांचा मृतदेह. आता पालिका झाकणाखाली जाळ्या बसवते. आपल्याकडे पाणी भरलं की पहिली आरोळी काय येते? "झाकण काढा रे!" यंदा ही आरोळी मी ऐकणार नाही. कुठलंही झाकण कुणीही काढायचं नाही. पाणी भरलं तर १९१६ ला फोन. पालिकेचा आपत्कालीन नंबर आहे, चोवीस तास. लिहा. सहाशे चार, पेन आहे का? हा माझा घ्या. परत द्या.

आणि पाण्यातून चालून आलात, पायाला जखम असेल, तर तीन दिवसांच्या आत डॉक्टरकडे. लेप्टोस्पायरोसिस, आपला लेप्टो. सर्दी नाही ती.

(घंटी वाजवतात.)

ठराव! येत्या रविवारी सकाळी सात वाजता आतली चारही चेंबरं उघडायची. खाली सफाईवाले उतरणार नाहीत, मशीन मागवलंय, पैसे सिंकिंग फंडातून नाही, सगळ्यांकडून. कोण म्हणालं "पालिका"? काढा त्याला मिनिट्समधून. प्रत्येक घरातून एक माणूस. घरकामाच्या मावशी चालणार नाहीत, वॉचमन कुणाचाच प्रतिनिधी नाही आणि बाल्कनीतला माणूस हजर धरला जाणार नाही. निघालेला गाळ गेटबाहेर टाकायचा नाही. पोती आणलीत, भरायची, गाडी येईपर्यंत पाचशे एकच्या पार्किंगमध्ये ठेवायची. तिथे जागा राखूनच ठेवलेली आहे.

सूचक मी. अनुमोदक? (वर बघतात.) आजी! मंजूर.

आता चहा घ्या. घरी गेल्यावर कुंडीखालच्या बशा आणि फ्रिजमागचा ट्रे रिकामा करा, डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यात वाढतो. आणि सोसायटीचं फावडं ज्यांनी नेलंय त्यांनी ते शनिवारी रात्रीपर्यंत वॉचमनकडे आणून द्यावं. नाव घेत नाही. मजला पाचवा.

(प्रकाश मावळतो.)