फिरायला म्हणजे कशाला?

सह्याद्रीच्या पायथ्याशी पाठीवर सॅक टाकून कुणाच्या बांधावरून निघालात, की समोरून विचारणा होते, "कुणीकडं निघालाव?" किल्ल्याचं नाव सांगितलं, की पुढचा प्रश्न, "काय काम काढलं?" यावर "काही नाही, असंच फिरायला" हे उत्तर विचारणाऱ्याला पटत नाही. जन्मभर चढ-उतार करून ज्याचे गुडघे दुखतात, त्याला सुट्टीच्या दिवशी पदरमोड करून डोंगर चढणाऱ्याचा संशय यायचाच. हा जमिनीचा एजंट असावा, नाहीतर गुप्तधनवाला!

आपला कायदाही असाच संशयी. १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम किंवा १९६६ च्या जमीन महसूल संहितेचं कलम १४३ बघा. शेतात जायची वाट अडवली, तर तहसीलदाराकडे दाद मागता येते. मात्र पलीकडे तुमचं शेत हवं. नुसता सूर्यास्त असून भागत नाही. नदी-ओढ्यांची पात्रं बहुतेक सरकारची, म्हणजे तुमची-आमची. पण काठापर्यंतची वाट कुणाच्या तरी सातबाऱ्यातून जाते.

इंग्लंडात तर फिरण्यापायी लोक तुरुंगात गेलेत. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टरजवळच्या किंडर स्काउट पठारावर शेकडो कामगार पोरं ठरवून घुसली. पठार खासगी, बड्या लोकांच्या पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेलं. राखणदारांशी झटापट झाली आणि पाच जणांना शिक्षा झाली. अशा माळरानांवर मोकळं हिंडण्याचा हक्क कायद्यात यायला २००० साल उजाडलं. स्कॉटलंडने २००३ मध्ये हात आणखी सढळ केला : खासगी जमिनीवर चाला, तळ्यात पोहा, होडी वल्हवा, फक्त घराचं परसू आणि उभं पीक टाळा. स्वीडनमध्ये ही मुभा रूढीतून आली आणि १९९४ पासून राज्यघटनेत तिचा उल्लेख आहे. तिथला नियम एवढाच, की कुणाला त्रास नको आणि कशाची नासधूस नको.

आपल्याकडचे ट्रेकर चालतात ते मालकाच्या भिडेवर. तो "जावा की" म्हणतो, पाणी विचारतो, वाट चुकलेल्याला धारेवर नेऊन सोडतो. एवढं तर स्कॉटलंडच्या कायद्यातही नाही! पण या भिडेलाही ओहोटी लागली आहे. शेताचे एनए प्लॉट पडतात, तारेचं कुंपण येतं, कुत्रा येतो, "खासगी मालमत्ता" अशी पाटी लागते. पाटी लावणारा बंगलेवाला स्वतः तिथे आलेला असतो तो मोकळ्या हवेसाठीच. आणि आम्ही फिरस्तेही काही संत नाही. आमच्यातले काही भाताच्या तरव्यात उभे राहून सेल्फी काढतात आणि ओढ्यात बाटल्या सोडतात. मग मालकाने भीड तरी का धरावी?

हिंडण्याचा हक्क आपल्यालाही असावा, असं मला मनापासून वाटतं. तो मिळेल तेव्हा मिळो. तोवर तरव्यात पाय घालू नका, उघडलेलं फाटक लावून घ्या आणि रिकामी बाटली घरी न्या. वाट पडायला पिढ्या लागतात. ती बंद करायला एक पाटी पुरते.