डबीतल्या चष्म्याची वॉरंटी

चष्म्याची काच आता काच राहिलेली नाही, हे चष्मेवाल्याला ठाऊक असतं. गिऱ्हाईकाला ते पहिला चरा उमटल्यावर कळतं. 1940च्या दशकात अमेरिकेत सीआर-39 नावाचं प्लास्टिक निघालं आणि पुढे त्याने जडशीळ काचेला नाकावरून खाली उतरवलं. ते हलकं, पडलं तरी सहसा न फुटणारं, पण मऊ. म्हणून त्यावर हार्ड कोटचा काही मायक्रॉनचा थर आणि त्याच्याही वर अँटीग्लेअरचे, म्हणजे ऑक्साइडांचे, अतितलम थर. हे वरचे थर सगळे मिळून अर्ध्या मायक्रॉनच्या आतबाहेर. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो, म्हणजे आपण ज्याचे वेगळे पैसे मोजतो तो माल केसाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. माल खोटा नाही. कोटिंगविना प्लास्टिकच्या दोन्ही बाजूंवरून मिळून सुमारे 8 टक्के प्रकाश परत फिरतो, तो अँटीग्लेअर बराचसा आत सोडतं. तक्रार मालाबद्दल नाही, त्याच्यासोबत मिळणाऱ्या कार्डाबद्दल आहे.

अशा कार्डांचा सारांश साधारण एकच : कोटिंग आपोआप निघाल्यास वर्षभरात बदलून मिळेल; ओरखडे, उष्णता, रसायनं आणि चुकीची हाताळणी वगळून. आता कोटिंग ‘आपोआप’ निघतं कसं? तापल्यावर प्लास्टिक जितकं फुगतं, त्याच्या कितीतरी कमी वरचे ऑक्साइडचे थर फुगतात. खालची जमीन ताणली गेली की वरच्या थराला केसासारख्या बारीक चिरा पडतात आणि यथावकाश पोपडे सुटू लागतात. मे महिन्यात चंद्रपुरात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर चष्मा राहिला, कढत पाण्याने धुतला, की झालं. म्हणजे कोटिंग जाण्याची जी मुख्य कारणं, तीच नेमकी ‘वगळून’मध्ये. छत्रीला वर्षभराची हमी, पाऊस वगळून! या हमीला पात्र ठरायचं तर चष्मा डबीत ठेवावा आणि डबी कपाटात.

यावर चष्मेवाल्यांचं म्हणणं रास्त आहे, ते ऐकून घेऊ. लोक चष्मा शर्टाच्या टोकाने, पदराने, हाती लागेल त्या फडक्याने कोरडाच पुसतात. काचेवरच्या धुळीत वाळूचे कण असतात आणि असं पुसणं म्हणजे पॉलिश पेपर मारणंच. अगदी खरं. पण शर्टाला टोक असतं ही बातमी कारखान्याला काल कळलेली नाही. शिवाय कोटिंग घासणीला किती टिकतं, हे मोजण्याची रीत या धंद्यात जुनीच आहे. बायर चाचणीत कठीण कणांच्या थाळीत भिंग ठेवून थाळी हलवतात आणि ते साध्या सीआर-39च्या तुलनेत किती कमी धुरकट झालं, त्याचा आकडा काढतात. आयएसओ 8980-5 हे मानक तर घर्षणरोधक म्हणवणाऱ्या भिंगांसाठीच आहे. फ्रिजवर तारे छापलेले असतात, बल्बवर वॅट असतात. चष्म्याच्या दुकानात मात्र आकड्याऐवजी सोनं, प्लॅटिनम आणि हिरा. दुसरा आक्षेप खर्चाचा : ओरखड्याची हमी परवडत नाही म्हणतात. मग काही दुकानं वर्षातून एकदा चरे पडलेली भिंगंही बदलून देतात, ती काय धर्मादाय आहेत? त्यांनी हिशेब करून तो किमतीत धरलेला असतो, इतकंच.

उरतो वाद दोष कोणाचा, याचा. चरा एका रेषेत जातो. उष्णतेच्या किंवा कच्च्या कोटिंगच्या चिरा जाळीसारख्या पसरतात. साध्या भिंगाखाली हा फरक दिसतो. एका चष्म्याची दोन्ही भिंगं सारखीच तापतात, तरी त्यांतल्या एकाच भिंगाचे पोपडे सुटले, तर संशय मालकाच्या गाडीपेक्षा कारखान्यावर आधी जायला हवा. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. जिल्हा आयोगात 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फीही नाही. फक्त तिथे कोटिंग कोणतं, मुदत किती, कशापासून संरक्षण, हे कागदावर दाखवावं लागतं. आणि बिलावर बहुधा एवढंच असतं : चष्मा, नग 1.